अर्ध्या वितीचे अंतर

दिवाळीच्या सुटीत आमच्या पुतण्याच्या मुलाने पुण्याहून आणलेल्या पेटीतून चाकांचे बूट बाहेर काढले, आणि दापोलीच्या आमच्या घरात दोन दिवस दुसरा विषय म्हणून उरला नाही. अंगण जांभ्याच्या चिऱ्यांचे. त्यावर चाके धावावीत कशी? तेव्हा स्वारी ओटीच्या फरशीवर घसरू लागली. थोरल्या वहिनींना काळजी त्याच्या गुडघ्यांची, तर आमच्या बंधूंना शर्यतीच्या खऱ्या बुटांना पडणाऱ्या किमतीची. “चाकांवर धावून कोणाचे कल्याण झाले आहे?” असा त्यांनी रोकडा सवाल टाकला. त्यावर मी जी हकीकत सांगितली, तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

2023 साली चीनमधील हांगचौ शहरी आशियाई क्रीडासामने झाले. त्यांत 2 ऑक्टोबर रोजी स्केटिंगची 3000 मीटरांची सांघिक शर्यत होती. बर्फावरची नव्हे, ती थंड मुलखांची मिरास. ही चाकांवरची. एका संघाचे तीन गडी आळीपाळीने धावतात. हातात द्यावयास काठी नसते; दमलेला गडी ताज्या दमाच्या सोबत्यास मागून हात देऊन पुढे लोटतो, आणि त्या लोटण्याच्या जोरावर पुढची फेरी सुरू होते. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांस ही रीत निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

स्त्रियांच्या शर्यतीत संजना बाथुला, कार्तिका जगदीश्वरन, हीरल साधू आणि आरती कस्तुरी राज यांच्या संघाने 4 मिनिटे 34.861 सेकंदांत तिसरा क्रमांक मिळविला. तैवान पहिला, दक्षिण कोरिया दुसरा. पुरुषांतही क्रम हाच लागला, आणि आपल्या आर्यनपाल सिंग घुमण, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे व विक्रम इंगळे या चौघांस 4 मिनिटे 10.128 सेकंदांनी कांस्यपदक लाभले. कांबळे, इंगळे ही नावे कानी पडताच बंधूंनी अडकित्ता खाली ठेवला. या खेळांत भारतास त्यापूर्वीची आशियाई पदके 2010 साली मिळाली होती, तीही वेगाची नव्हेत, कलात्मक स्केटिंगची.

परंतु त्या दिवसाची खरी कथा पहिल्या दोघांत घडली. अखेरच्या क्षणापर्यंत कोरियाचा चंग चॉल-वॉन पुढे होता. रेषा अगदी समोर आलेली पाहून त्याने अंग सरळ केले आणि दोन्ही हात उंच उभारले. मागून तैवानचा ह्वांग यू-लिन येत होता. त्याने हात उभारले नाहीत. वाकलेल्या स्थितीतच पाय पुढे फेकला. या खेळात डोके किंवा छाती रेषेपार गेल्याने भागत नाही, पुढच्या बुटाचे चाक जावे लागते. तैवानची वेळ भरली 4 मिनिटे 5.692 सेकंद, कोरियाची 4 मिनिटे 5.702. अंतर एका सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याचे! शर्यतीच्या सरासरी वेगाने मी कागदावर हिशेब मांडला, तो बारा सेंटिमीटर निघाले. म्हणजे जेमतेम अर्धी वीत.

ती अर्धी वीत महाग पडली. कोरियात तरुणांस सुमारे दीड वर्षाची लष्करी सेवा सक्तीची आहे, आणि आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळविणाऱ्यास तीतून सूट मिळते. चंग आणि त्याचा सोबती चोई इन-हो या दोघांची ती संधी हुकली. तिसरा गडी चोई ग्वांग-हो याने आदल्या दिवशीच 1000 मीटरांचे सुवर्णपदक जिंकले असल्याने तो मात्र सुटला. चंगने पुढे उघडपणे चूक कबूल केली आणि सोबत्यांची क्षमा मागितली. जगभर त्याच्या उभारलेल्या हातांचे चित्र छापले गेले. मला मात्र त्या क्षमायाचनेचे मोल अधिक वाटते. सोबत्याचे नुकसान आपल्या हातून झाले, हे चारचौघांत म्हणणे सोपे नसते.

आपल्या यशाविषयीही खरे ते बोलले पाहिजे. पुरुषांचा संघ दुसऱ्याच्या मागे सुमारे साडेचार सेकंद होता, स्त्रियांचा पावणेचौदा. तेथे अर्ध्या वितीचा प्रश्नच नव्हता. परंतु त्याच संघातील वेलकुमार 2025 साली चीनमधील बेदाईहे येथे 1000 मीटरांत जगज्जेता झाला, 500 मीटरांत त्याने कांस्यपदक मिळविले आणि 42 किलोमीटरांची लांब शर्यतही जिंकली. दोन वर्षांत एवढी मजल! बंधूंच्या सवालास याहून निराळे उत्तर मजजवळ नव्हते. ते काही बोलले नाहीत. बुटांची किंमत तेवढी पुन्हा एकदा विचारली.

दुसऱ्या दिवशी ओटीच्या टोकाला मुलांनी गेरूची रेघ ओढली. बूट एकच जोड, म्हणून डावा एकाच्या पायात, उजवा दुसऱ्याच्या. पंच म्हणून वहिनींना पाटावर बसविले. निकालावरून भांडण जुंपले तेव्हा, चाक नीट दिसले नाही म्हणून त्यांनी चष्मा मागविला आणि शर्यत पुन्हा लावली.