डेडलिफ्टला बंदी नको, निवड हवी!

जमिनीवर पडलेली जड वस्तू कमरेतून वाकून उचलायची आणि ताठ उभं राहायचं, याला जिममध्ये डेडलिफ्ट म्हणतात. आपल्या गावाकडे याला 'काम' म्हणतात! सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे हमाल, उसाची मोळी उचलणारे तोडकरी आणि आपल्या मेसमधले मामा हे सगळे रोज तेच करतात. मेसचा १९ किलो गॅसचा भरलेला सिलिंडर टाकीच्या वजनासकट ३५ किलोंच्या आसपास जातो. मामांना तो उचलायला कुणी मनाई केलेली नाही. मनाई आहे ती फक्त आपल्याला.

गॅदरिंगच्या आधी हॉस्टेलच्या जिममध्ये पैज लागली, "भावा, किती मारतो रे?" म्हणत प्लेटा चढत गेल्या आणि एका ज्युनिअरच्या कमरेत अशी उसण भरली की बिचारा आठ दिवस कॉटवर आडवा होता. त्यानंतर भिंतीवर कागद लागला : 'डेडलिफ्ट करण्यास सक्त मनाई आहे.' रेक्टर सरांची काळजी खोटी नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर पालकांना उत्तर त्यांनाच द्यायचं आहे. पण माझं मत स्पष्ट आहे. त्या दिवशी चूक व्यायामाची नव्हती, निवडीची होती. ज्या पोराने कधी ४० किलो नीट उचलले नाहीत, त्याने थेट जमिनीवरून, एका दमात, जास्तीत जास्त वजन उचलायचं ठरवलं. यावर उपाय बंदीचा नाही, शिकवण्याचा आहे.

आपण इंजिनिअर होणार आहोत, तेव्हा फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स जरा बाहेर काढू. बारवर १०० किलो आहेत, म्हणजे ९८१ न्यूटन. वाकलेल्या स्थितीत बार आणि कमरेचा खालचा मणका यांच्यातलं आडवं अंतर समजा ३० सेंटीमीटर आहे. मोमेंट झाली सुमारे २९४ न्यूटन-मीटर. ती तोलायची कुणी? मणक्याच्या मागच्या स्नायूंनी, ज्यांचा लिव्हर आर्म जेमतेम ६ सेंटीमीटर. म्हणजे त्यांना लागणारा जोर सुमारे ४९०० न्यूटन, साधारण ५०० किलोंइतका! धडाचं वजन यात धरलेलंच नाही. आता बार अंगापासून फक्त ५ सेंटीमीटर पुढे सरकू द्या. त्याच स्नायूंवर आणखी ८० किलोंहून जास्त भार येतो. प्लेट एकही वाढलेली नाही, तरी! हमाल पोतं हातात लांब धरून चालत नाही, पाठीवर अंगालगत घेतो, ते याच कारणाने. त्याने मेकॅनिक्सचा पेपर दिलेला नसतो, पण फ्री बॉडी डायग्राम त्याला आपल्यापेक्षा पक्की कळते.

दुसरी गोष्ट प्लेटांची. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटर उंच राहतो. आपल्या जिममधल्या लोखंडी प्लेटा लहान आहेत. ३० सेंटीमीटर व्यासाची प्लेट लावली की बार फक्त १५ सेंटीमीटरवर येतो. म्हणजे आपण ज्याला साधी डेडलिफ्ट समजतो ती खरं तर 'डेफिसिट' डेडलिफ्ट असते. हा मुरलेल्या लोकांचा अवघड प्रकार, आणि आपल्याकडे तो नवशिक्याच्या नशिबी येतो! साडेसात सेंटीमीटरचे दोन लाकडी ठोकळे प्लेटांखाली ठेवले की हिशेब जुळतो. वर्कशॉपच्या सुतारकाम विभागात एका प्रॅक्टिकलचं काम आहे ते.

आता मुख्य मुद्दा. पाठ भरायची आणि बळकट करायची तर कुठला प्रकार निवडायचा?

नवशिक्याने रोमानियन डेडलिफ्टपासून सुरुवात करावी. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, रोमानियाचा वेटलिफ्टर निकू व्लाद याच्यामुळे या प्रकाराला हे नाव पडलं. बार मांडीशी धरून सुरुवात करायची, गुडघे किंचित सैल सोडायचे आणि ढुंगण मागे ढकलत बार मांडीला घासत गुडघ्याच्या थोडा खाली न्यायचा. पाठ सरळ. मांडीच्या मागे ताण आला की परत वर. यात वजन कमी लागतं, कमरेतून वाकायचं वळण अंगात बसतं आणि बार जमिनीवर आपटतच नाही. खालच्या मजल्यावर अभ्यास करणारी मंडळीही खूश!

वरची पाठ भरायची असेल तर स्नॅच ग्रिप, म्हणजे बारवर हात बरेच रुंद धरून उचलणे. रुंद पकडीमुळे धड जास्त खाली येतं आणि बार अंगालगत ठेवण्यासाठी खांद्यांच्या मागचे आणि बगलेखालचे स्नायू भरपूर राबतात. इथे नेहमीचं वजन उचलता येत नाही. तेच बरं, अहंकार आपोआप जमिनीवर राहतो.

पाय लांब आहेत किंवा अंग इतकं आखडलेलं आहे की खाली वाकताना पाठ गोल होते, त्यांनी बार गुडघ्याच्या जरा खाली येईल इतक्या उंचीवर ठेवून उचलावा. याला ब्लॉक पुल म्हणतात. अंतर कमी, त्यामुळे वजन जास्त उचललं जातं, आणि मोहही तिथेच होतो. जपून. पाय फाकवून केलेल्या सुमो प्रकारात धड जास्त उभं राहतं. कमरेचा भार हलका होतो, पण काम मांड्या आणि कुल्ल्यांकडे जातं. पाठ दमलेल्या आठवड्यात हा चांगला पर्याय, पण पाठ भरायची म्हणून पहिला निवडू नये. षटकोनी हेक्स बारमध्ये माणूस वजनाच्या मधोमध उभा राहतो, त्यामुळे तो सर्वांत सोयीचा. पण आपल्या जिमला तो कधी मिळणार हे जिमखाना समितीच जाणे!

आणि हेही खरं की नुसत्या डेडलिफ्टने पाठ रुंद होत नाही. त्यात बगलेखालचे स्नायू बार धरून ठेवतात, पूर्ण आखडत-ताणत नाहीत. त्यासाठी पुल-अप्स आणि रोइंग हवंच. आठवड्यातून दोनदा, सहा ते आठ रेप्सचे तीन सेट, आणि आणखी दोन निघतील असं वाटत असतानाच थांबणं, एवढं पुरे. पायात मुंग्या येत असतील किंवा कळ कमरेतून पायात उतरत असेल, तर मात्र व्यायाम बंद करून डॉक्टर गाठावा. रूम पार्टनरने मोडून दिलेली कंबर हा उपचार नव्हे.

आपला भाग ताकदीचा. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं, कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. कुस्तीच्या तालमीत आजही पैलवान फावड्याने हौद्यातली माती खणतो, दोर चढतो. खणणं म्हणजे कमरेतून वाकणं आणि दोर म्हणजे पुल-अप. शिवाय तिथे वस्ताद समोर उभा असतो, नव्या पोराला पहिल्याच दिवशी मोठ्या जोडीशी कुणी लावत नाही. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण एका किलोने हुकलं, कारण क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावलं. वर्षानुवर्षे प्रशिक्षकाच्या नजरेखाली तयार झालेल्या खेळाडूलाही दुखापत चुकत नाही. मग आपण पैजेवर कंबर लावायची का?

म्हणून रेक्टर सरांना आणि जिमखाना समितीला नम्र विनंती. बंदीच्या जागी तीन नियम लावा : पैजा बंद, एकट्याने जड वजन उचलणे बंद, आणि रोमानियन प्रकार नीट जमल्याशिवाय जमिनीवरून उचलणे बंद. दोन ठोकळे आणि रबरी मॅट द्या. शनिवारी संध्याकाळी क्रीडा संचालक सरांचा एक तास मिळाला तर सोन्याहून पिवळं. आम्ही सिनिअर्स फर्स्ट इयरच्या मुलांना शिकवायची जबाबदारी घेतो. मेसच्या मामांनाही बोलवू. सिलिंडर कसा उचलायचा हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नाही, आणि कंबर त्यांनाही एकच आहे.

चार वर्षांनी आपण साइटवर, शॉप फ्लोअरवर, नाहीतर दिवसाचे दहा तास खुर्चीत असू. वाकायचं आणि उचलायचं तेव्हाही चुकणार नाही. डिग्रीसोबत शाबूत पाठ घेऊन बाहेर पडलो, तर ती डिस्टिंक्शन कुठल्याही मार्कलिस्टवर छापली नाही तरी चालेल!