शालेय मंडळाची फेरनिवडणूक: अमेरिकी मतदार नेमके कशाचे मूल्यमापन करतात?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीकडे साऱ्या जगाचे लक्ष असते. मात्र त्या देशातील सर्वसामान्य कुटुंबाच्या दैनंदिन जीवनाशी अधिक निकटचा संबंध असलेली एक निवडणूक बहुतांशी दुर्लक्षितच राहते. ती म्हणजे स्थानिक शालेय मंडळाची निवडणूक. गेल्या काही वर्षांत या निवडणुकीचे स्वरूप झपाट्याने बदलले आहे. एकेकाळी बिनविरोध निवडून येणाऱ्या विद्यमान सदस्यांना आता फेरनिवडीसाठी कडव्या लढतीला सामोरे जावे लागत आहे. या लढतीत शाळेच्या कारभाराचे मूल्यमापन होते की केवळ राजकीय संघर्षाचा निकाल लागतो, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरला आहे.

मंडळाचे अधिकार

महाराष्ट्रात ‘शिक्षण मंडळ’ म्हटले की दहावी-बारावीच्या परीक्षा घेणारी संस्था डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील शालेय मंडळ ही त्याहून सर्वस्वी वेगळी संस्था आहे. तेथे सुमारे १३ हजार शालेय जिल्हे असून त्यांच्या मंडळांवर ८० हजारांहून अधिक सदस्य काम करतात. यांपैकी बहुतेक सदस्य मतदारांनी थेट निवडून दिलेले असतात. मंडळात साधारणपणे पाच ते नऊ सदस्य असतात आणि अनेक ठिकाणी त्यांची मुदत चार वर्षांची असते. जिल्ह्याच्या अधीक्षकाची नियुक्ती करणे, अंदाजपत्रक मंजूर करणे, शिक्षकांशी वेतनकरार करणे, पाठ्यपुस्तकांना संमती देणे आणि शाळांच्या हद्दी ठरविणे ही त्यांची प्रमुख कामे होत.

या शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून उभा राहतो. साहजिकच ज्यांची मुले शाळेत जात नाहीत, अशा घरमालकांनाही मंडळाच्या निर्णयांची झळ पोहोचते. न्यूयॉर्क राज्यात तर बहुतेक जिल्ह्यांत मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी मंडळाच्या सदस्यांबरोबर शाळांच्या अंदाजपत्रकावरही मतदान होते. असंख्य ठिकाणी सदस्यांना वेतन मिळत नाही. याउलट लॉस एंजेलिसमध्ये या कामासाठी पूर्णवेळ काम करणाऱ्या सदस्यास २०१७ पासून वार्षिक सव्वा लाख डॉलर वेतन ठरविण्यात आले. त्याच वर्षी तेथील मंडळाचे अध्यक्ष स्टीव्ह झिमर यांचा फेरनिवडणुकीत निक मेल्व्हॉइन यांनी पराभव केला. सनदी शाळांचे समर्थक आणि शिक्षक संघटना यांनी दोन्ही बाजूंनी ओतलेल्या पैशामुळे ही निवडणूक अमेरिकेच्या तोपर्यंतच्या इतिहासातील सर्वांत खर्चिक शालेय निवडणूक ठरली.

डोव्हरचा धडा

फेरनिवडणुकीचे सामर्थ्य किती असू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर या छोट्या गावाने घालून दिले. ऑक्टोबर २००४ मध्ये तेथील शालेय मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी एक ठराव संमत केला. नववीच्या विद्यार्थ्यांना उत्क्रांतिवाद शिकविण्यापूर्वी, त्या सिद्धांतात उणिवा असून ‘बुद्धिमान रचना’ हा पर्यायी विचार उपलब्ध आहे, असे निवेदन वाचून दाखवावे, असा हा निर्णय होता. जीवशास्त्राच्या शिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला, तेव्हा प्रशासनातील अधिकाऱ्यांना वर्गात जाऊन ते वाचावे लागले. डिसेंबर २००४ मध्ये ११ पालकांनी न्यायालयात धाव घेतली.

सुनावणी ४ नोव्हेंबर २००५ रोजी संपली आणि अवघ्या चार दिवसांनी, निकाल येण्यापूर्वीच, मंडळाच्या नऊपैकी आठ जागांसाठी मतदान झाले. पुन्हा उभे राहिलेले आठही विद्यमान सदस्य पराभूत झाले. विजयी गटात दोन्ही प्रमुख पक्षांचे समर्थक होते. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर रोजी १३९ पानांच्या निकालपत्राद्वारे हे धोरण घटनाबाह्य ठरविले. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनीच त्यांची नियुक्ती केली होती. नव्या मंडळाने अपील केले नाही. मात्र वादींच्या वकिलांच्या खर्चापोटी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम भरण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडली. चूक जुन्या मंडळाची होती. भुर्दंड मात्र करदात्यांच्या माथी बसला.

दोन्ही बाजूंना फटका

मतदारांचा असा रोष एकाच विचारसरणीच्या मंडळांच्या वाट्याला येतो, असे मात्र नाही. सॅन फ्रान्सिस्को हे उदारमतवादी शहर म्हणून ओळखले जाते. जानेवारी २०२१ मध्ये, कोरोनाच्या साथीमुळे शहरातील शाळा बंद असताना, तेथील मंडळाने ४४ शाळांची नावे बदलण्याचा ठराव केला. त्यांत अब्राहम लिंकन आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या नावांच्या शाळाही होत्या. त्याच सुमारास लॉवेल या नामांकित माध्यमिक शाळेतील गुणवत्तेनुसार प्रवेशाची पद्धत रद्द करण्यात आली. मुले घरी बसली असताना मंडळ नावांची चर्चा करीत आहे, अशी पालकांची भावना झाली. चिनी वंशाच्या पालकांमधील असंतोष विशेष तीव्र होता. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी झालेल्या मतदानात मुदत पूर्ण होण्यापूर्वीच तीन सदस्यांना माघारी बोलावण्यात आले. प्रत्येकाच्या विरोधात ७० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक मते पडली.

महापौर लंडन ब्रीड यांनी त्यांच्या जागी तिघांची नियुक्ती केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांना मतदारांसमोर जावे लागले, तेव्हा दोघी निवडून आल्या. तिसऱ्या सदस्य ॲन सू पराभूत झाल्या. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांविषयी त्यांनी केलेले विधान त्यांना भोवले, असे मानले जाते.

त्यानंतर वर्षभराने, नोव्हेंबर २०२३ मध्ये, फिलाडेल्फियाच्या उत्तरेस असलेल्या सेंट्रल बक्स जिल्ह्यात उलट दिशेचा निकाल लागला. ग्रंथालयातील पुस्तकांची छाननी आणि वर्गातील फलकांवरील निर्बंध यांमुळे तेथील रिपब्लिकन बहुमताचे मंडळ वादग्रस्त ठरले होते. निवडणुकीस असलेल्या पाचही जागा डेमोक्रॅटिक उमेदवारांनी जिंकल्या आणि मंडळाच्या अध्यक्षांनाही पराभव पत्करावा लागला.

येथे एका पराभवाची आवर्जून नोंद घ्यावी लागते. फ्लोरिडातील ब्रेव्हार्ड जिल्ह्याच्या सदस्य टीना डेस्कोविच या ऑगस्ट २०२० मध्ये फेरनिवडणूक हरल्या. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी दुसऱ्या एका शालेय मंडळाच्या माजी सदस्य टिफनी जस्टिस यांच्यासह ‘मॉम्स फॉर लिबर्टी’ ही संघटना स्थापन केली. पुढे याच संघटनेने देशभरातील शालेय निवडणुकांत पुराणमतवादी उमेदवार पुरस्कृत केले आणि शाळेच्या सभागृहातील वाद राष्ट्रीय राजकारणाच्या केंद्रस्थानी आणून ठेवला.

मतपेटीचे मर्यादित सामर्थ्य

वरील उदाहरणांवरून शालेय मंडळाचे सदस्य मतदारांच्या सतत धाकाखाली असतात, असा समज होऊ शकेल. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. बहुसंख्य ठिकाणी मतदान अत्यल्प असते आणि कित्येक सदस्य बिनविरोध निवडून येतात. मोठ्या निवडणुकांपासून दूर, वसंत ऋतूत मतदान ठेवले की मतदारांची संख्या घटते आणि संघटित गटांचे वजन वाढते, असे राज्यशास्त्रज्ञ सारा अँझिया यांनी शिक्षक संघटनांच्या संदर्भात दाखवून दिले आहे. न्यू जर्सीने यावर उपाय म्हणून २०१२ पासून शालेय निवडणूक एप्रिलऐवजी नोव्हेंबरमध्ये घेण्याची मुभा दिली आणि बहुतेक जिल्ह्यांनी ती स्वीकारली.

विद्यमान सदस्यांना मतदार कोणत्या निकषावर तोलतात, हा याहूनही मूलभूत प्रश्न आहे. ख्रिस्तोफर बेरी आणि विल्यम हॉवेल या अभ्यासकांनी साउथ कॅरोलायना राज्यातील निकालांची छाननी केली. २००० मध्ये विद्यार्थ्यांचे गुण घसरलेल्या ठिकाणी विद्यमान सदस्यांना मते कमी पडल्याचे त्यांना आढळले. २००२ आणि २००४ च्या निवडणुकांत मात्र हा संबंध दिसेनासा झाला. गुणांविषयी वृत्तपत्रांतून येणारी माहिती घटली होती, हे त्यामागील एक संभाव्य कारण त्यांनी नोंदविले. प्रगतिपुस्तक लोकांपर्यंत पोहोचले तरच त्यावर मत दिले जाते, हा त्याचा सरळ अर्थ. अमेरिकेत स्थानिक वृत्तपत्रे मोठ्या संख्येने बंद पडत असताना हा निष्कर्ष अधिकच चिंताजनक ठरतो.

त्यातच मतदान करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी शाळकरी मुले नसतात, असे चार राज्यांतील मतदारांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. विशेषतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थी बहुसंख्य असलेल्या जिल्ह्यांतही मतदार प्रामुख्याने श्वेतवर्णीय असतात. निर्णयाचे परिणाम भोगणारे एक आणि निर्णय घेणाऱ्यांना निवडणारे दुसरे, अशी ही स्थिती आहे.

सॅन फ्रान्सिस्कोने ही दरी अंशतः कमी करण्याचा प्रयत्न केला. नोव्हेंबर २०१६ च्या जनमत कौलानुसार, अमेरिकेचे नागरिकत्व नसलेल्या पालकांनाही तेथील शालेय मंडळासाठी मतदान करता येऊ लागले. व्हिसावर वास्तव्य करणाऱ्या मराठी कुटुंबांसाठीही ही तरतूद अर्थपूर्ण आहे. एरवी घरभाड्यातून का होईना, शाळांच्या खर्चाला हातभार लावूनही अशा पालकांना मंडळाच्या निवडीत स्थान नसते.

पक्षचिन्हाला नकार

बहुतेक राज्यांत शालेय मंडळाच्या मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. पेनसिल्व्हेनियासारखी राज्ये अपवाद आहेत. फ्लोरिडाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ही निवडणूक पक्षीय पातळीवर घेण्यासाठी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवला. त्यास निम्म्याहून अधिक मते मिळाली, परंतु आवश्यक असलेली ६० टक्क्यांची मर्यादा तो गाठू शकला नाही. शाळा राजकारणापासून दूर असावी, असे मानणाऱ्यांची संख्या अद्याप लक्षणीय आहे, इतका निष्कर्ष यातून निश्चितच काढता येतो.

दुसरीकडे, निवडणूक होऊनही अधिकार नसावेत, अशी विसंगतीही दिसते. टेक्सास राज्याने जून २०२३ मध्ये ह्यूस्टनच्या शालेय जिल्ह्याचा ताबा घेऊन निर्वाचित मंडळाच्या जागी नियुक्त व्यवस्थापक आणले. तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये चार जागांसाठी नियमाप्रमाणे मतदान झाले. निवडून आलेल्यांना कारभार करण्याचा अधिकार नव्हता. हा ताबा २०२७ पर्यंत वाढविण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला. शिकागोने मात्र याच्या विरुद्ध वाट धरली. १९९५ पासून महापौरांनी नेमलेल्या सदस्यांवर चालणाऱ्या या शहरात नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रथमच २१ पैकी दहा सदस्यांची निवड मतदारांनी केली. पूर्णतः निर्वाचित मंडळासाठी कायद्याने २०२६ ची निवडणूक निश्चित केली.

भारताच्या दृष्टीने

भारतात शाळेच्या कारभारासाठी अशी स्वतंत्र सार्वत्रिक निवडणूक नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती स्थापन करण्याची तरतूद केली. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असणे बंधनकारक आहे. समितीचे मतदार आणि लाभार्थी एकच, हा या रचनेचा मोठा गुण आहे. अमेरिकेतील दरी येथे मुळातच नाही. परंतु कर आकारण्याचे किंवा शिक्षकांची नेमणूक करण्याचे अधिकार समितीला नाहीत. अमेरिकी मंडळाकडे अधिकार आहेत, पण पालकांचे मत तेथे अनेकदा अल्पसंख्य ठरते. भारतीय समितीत पालक बहुसंख्य आहेत, पण त्यांच्या हाती अधिकार तुटपुंजे आहेत.

डोव्हर असो वा सॅन फ्रान्सिस्को, मोठा वाद उभा राहिला की मतदार बाहेर पडतात आणि सदस्यांना घरी पाठवितात, हे सिद्ध झाले आहे. मात्र तिसरीतील मूल वाचू शकते का, शाळेची बस वेळेवर येते का, गणिताच्या शिक्षकाची जागा किती महिने रिक्त आहे, हे प्रश्न वादाचे विषय होत नाहीत आणि म्हणून मतपेटीपर्यंतही क्वचितच पोहोचतात. पुन्हा उमेदवारी करणाऱ्या सदस्याला या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील, तेव्हाच फेरनिवडणूक हे शाळेच्या कारभारावरील खरे नियंत्रण ठरेल. तोपर्यंत मतदारांच्या हाती अपयशी मंडळ हटविण्याचे साधन राहील. चांगली शाळा घडवून घेण्याचे साधन मात्र अपुरेच असेल.