लाल चड्डीवाल्याच्या बाजूने

आपल्यातले काही कडक कार्यकर्ते सुपरमॅन-बॅटमॅनचं नाव काढलं की नाक मुरडतात. म्हणे अफू. म्हणे अमेरिकेचा माल. असेल. पण बनवला कुणी? क्लीव्हलँडच्या दोन ज्यू पोरांनी, जेरी सीगल आणि जो शुस्टर. १९३८ साली. त्यांचा सुरुवातीचा सुपरमॅन खाणमालकाला त्याच्याच खाणीत कोंडतो, मजूर आत कसा मरतो ते कळावं म्हणून. आणि या पोरांकडनं कंपनीने सगळा हक्क घेतला १३० डॉलरला. च्यायला, व्यवस्था तिकडेही तीच.

मी बोलतोय ते जुन्या, खुळ्या, हसऱ्या पिक्चरबद्दल. १९६६ चा बॅटमॅन घ्या. ॲडम वेस्ट हेलिकॉप्टरच्या शिडीला लोंबकळतोय, पायाला शार्क चिकटलाय. शार्क रबराचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. वर शार्क पळवायचा फवारा हेलिकॉप्टरात तयारच! पुढे पेटता बॉम्ब डोक्यावर धरून गडी धक्क्यावर सैरावैरा पळतो. टाकायला जागा नाही. इकडे जोगिणी, तिकडे बाळाची गाडी, पाण्यात बदकं. हा सीन गोदीत काम करणाऱ्याला हातात कळतो. जोखमीचं ओझं आपल्या डोक्यावर द्यायचं आणि ठेवायची जागा दाखवायची नाही, हे रोजचंच.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. १९३५ ची हंटरवाली, वाडिया मूव्हीटोनची नादिया. १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त बाबूभाई मिस्त्रींनी वस्तू काळ्या धाग्याने हवेत नाचवल्या, तर लोकांनी त्यांचं नावच 'काला धागा' पाडलं. पांढरपेशा समीक्षक म्हणतो, धागा दिसतो, म्हणून पिक्चर भिकार. मी म्हणतो, धागा दिसतो म्हणूनच तो हिरो मला परवडतो. त्याला बघून मी टाळी वाजवतो आणि हसतोही. ज्याला हसता येतं त्याच्या पाया पडावं लागत नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आपण मात्र गल्लोगल्ली तारणहार उभे करतोय. आपल्या चळवळीतसुद्धा, बरं का.

आताचे हिरो बघा. काळे कपडे, पडलेलं तोंड, पार्श्वसंगीत देवळासारखं. २०१२ च्या 'द डार्क नाइट राइझेस'मध्ये गरिबांचा उठाव गुंडाच्या खात्यावर जमा, आणि शहर वाचवणार कोण, तर कोट्यधीश आणि पोलीस! इथं हसायची सोय नाही. धागा आहेच, लपवलाय फक्त.

पण जुन्यांची आरती मी ओवाळत नाही. हंटरवाली मुखवट्यामागे राजकन्याच निघते. ॲडम वेस्टचा बॅटमॅनही कोट्यधीशच. झोपडपट्टीतला, वस्तीतला कुणी उडत नाही. त्याने फक्त खालून वर बघायचं.

तो उडाला मालेगावात. पिंपळगावहून आग्रा रोडने चांदवड ओलांडा, की आलंच. २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांपुरतंच ज्याचं नाव पेपरवाल्यांना आठवतं ते गाव. तिथल्या शेख नासिरने 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. हिरो शफीक शेख, यंत्रमागावरचा कामगार. अंगाने काडी. हिरवा पडदा लावून त्याला उडवला. फैजा अहमद खानने २००८ च्या माहितीपटात ही सगळी धडपड टिपली. बघा, आणि हसा. हसू त्या शफीकवर येत नाही, त्याच्यासोबत येतं. माग चालवणारा माणूस आभाळात आडवा झालाय आणि त्याला स्वतःलाच मजा वाटतेय. असा हिरो हॉलिवूडला सगळा पैसा ओतून जमलेला नाही.

शफीक पुढे कॅन्सरने गेला. २०२५ मध्ये या पोरांवरचा हिंदी सिनेमा थेटरात लागला, त्यात त्याचं काम दुसऱ्या नटाने केलं. चांगलंच झालं. पण मला अजून एक बघायचाय. आपल्या वस्तीतला, पिंपळगावच्या द्राक्षबागांवरून जाणारा, पाठीवर फवारणीचा पंप, निळा सदरा आणि वरून लाल चड्डी. कुणाकडे कॅमेरा असेल तर बोला.