काटकसरीचा खर्च कोण सोसतो?

साधी राहणी हा विषय अलीकडे पुन्हा सुशिक्षितांच्या बोलण्यात येऊ लागला आहे, ही गोष्ट आम्हांस समाधानाची वाटते. हप्त्यांवर घेतलेली गाडी, हप्त्यांवर घेतलेला दूरध्वनी, आणि त्याच दूरध्वनीवरून घरपोच मागविलेले पिठले-भाकरीचे ताट, अशा रीतीने महिन्याची मिळकत हाती पडण्यापूर्वीच वाटली जाते, ह्याचा अनुभव पुण्या-मुंबईच्या मध्यम स्थितीतील कुटुंबांस पुरेपूर आला आहे. त्यामुळे कित्येक घरांत बाहेरचे खाणे बंद करण्याचा, नव्या कपाटाऐवजी जुन्या बाजारातील सागवानी कपाट आणण्याचा, मुलांची क्रमिक पुस्तके अप्पा बळवंत चौकातून जुनी घेण्याचा क्रम सुरू झाला आहे. कर्ज काढून लग्ने करू नयेत, ऋण काढून सण साजरे करू नयेत, असे घसा कोरडा करून सांगण्यात मराठी पत्रकारांच्या कित्येक पिढ्या गेल्या. तेव्हा ह्या नव्या वाऱ्याचे स्वागत आम्ही न करू तर कोण करील? तथापि ज्या गुणाची आज एवढी स्तुती चालली आहे, तो गुण घरात आचरतो कोण आणि त्याचे श्रेय घेतो कोण, ह्याची चौकशी करताना कोणी दिसत नाही. ती आज करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. मनुष्य सज्जन, निर्व्यसनी, हिशेबाचा चोख. गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे फराळास गेलो असता त्यांनी मोठ्या अभिमानाने आपली जमाखर्चाची वही आमच्यापुढे ठेविली. वर्षभरात उपाहारगृहाचा खर्च शून्य. मसाला, लोणची, पापड, चिवडा, चकली सर्व घरचे. पडदे जुन्या साड्यांचे. धाकट्याचे कपडे थोरल्याचे उतरवून बेतलेले. शिल्लक पाहून आम्हीही त्यांचे अभिनंदन केले. इतक्यात त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. आम्ही सहज विचारले, "वहिनी, हे सर्व आपण एकट्याच करता?" त्या हसून म्हणाल्या, "ह्यांच्या वहीत आहे ते सगळे खरे आहे. पण वाचनालयातून आणलेली कादंबरी गणपतीपासून तशीच पडून आहे, भाऊसाहेब. दंड वाढतो आहे. तो कोणत्या खात्यावर टाकायचा ते ह्यांना विचारा." गृहस्थही हसले, आणि विषय फराळाकडे वळला. आमच्या मनात मात्र तो वाचनालयाचा दंड घर करून राहिला.

जी काटकसर आपण आज नव्याने शोधून काढली असे म्हणतो, ती आपल्या आजी-पणजीस काही शिकवावी लागली नव्हती. नऊवारी लुगडे विरले म्हणजे त्याचा धडका भाग काढून परकर-पोलकी होत. उरलेल्या कापडाचे थर एकावर एक घालून गोधडी शिवली जाई. मऊ तुकड्याचे तान्ह्या मुलासाठी दुपटे होई. त्यानंतर पायपुसणे, आणि सर्वांत शेवटी पोतेरे. एका वस्त्राचे एवढे जन्म होत. स्वयंपाकघरातही तेच. शिळ्या पोळीचा कुस्करा, उरल्या भाताची फोडणी, आंबट ताकाची कढी, दोडक्याची भाजी झाल्यावर त्याच्या शिरांची चटणी. ही शिरांची चटणी ज्यांनी केवळ खाल्ली आहे त्यांस ती फुकटची वाटते. ज्यांनी केली आहे त्यांस ठाऊक असते की, शिरा सोलून काढणे, बारीक चिरणे, तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत हलवीत उभे राहणे, तीळ-खोबरे वेगळे भाजणे, आणि मग हे सर्व कुटणे, ह्यात मोठा वेळ जातो व हाती वाटीभर चटणी येते. दोन दिडक्यांची शीर वाचली खरी. ती वाचविण्यासाठी एका माणसाचा वेळ गेला, आणि तो वेळ कोणत्याही वहीत लिहिला गेला नाही. गोधडीच्या टाक्यांची गोष्ट तर बोलावयासच नको. तिचे आता परदेशी पाहुणे कौतुक करतात आणि शहरांतील दुकानांत तिला चांगली किंमत येते. पण दुपारची झाकपाक झाल्यावर उन्हात बसून ती शिवणाऱ्या बाईस त्या टाक्यांबद्दल काय मिळत असे?

आम्ही केवळ भावनेने बोलतो असे कोणी म्हणू नये. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळाच्या विनियोगाची पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करीत होत्या, आणि त्यावर प्रत्येकीची रोज सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, खर्ची पडत होती. पुरुषांपैकी असे काम करणारे २६.१ टक्केच निघाले, आणि जे करीत होते त्यांचीही मिनिटे ९७ भरली. पुढे २०२४ सालच्या पाहणीत स्त्रियांची मिनिटे २९९ वरून २८९ वर आली. पाच वर्षांत दहा मिनिटे! पुरुषांनी हातभार लावल्यामुळे ही दहा मिनिटे वाचली असावीत असे म्हणावयाचीही सोय नाही. कारण त्याच काळात त्यांची ९७ ची ८८ झाली.

आता ह्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा. २०२३-२४ सालच्या घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीत शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चापैकी ११ टक्क्यांहून थोडा अधिक भाग पेये व तयार खाद्यपदार्थ ह्यांवर जातो, आणि तांदूळ, गहू, ज्वारी आदी धान्यांवर ४ टक्केही जात नाही, असे आढळून आले. हा आकडा पाहून उपदेशक मंडळी उधळेपणाबद्दल हळहळतात आणि घरचे खा म्हणून सांगतात. उपदेश आरोग्याच्या दृष्टीने खोटा नाही. परंतु हे ११ टक्के उद्या शून्यावर आणावयाचे तर वर सांगितलेली २८९ मिनिटे कोठे जाऊन पोहोचतील, ह्याचा विचार उपदेशकाने केलेला नसतो. पुष्कळ घरी तयार पोळ्या विकत येऊ लागल्या त्या चैनीखातर आल्या नाहीत. घरातील स्त्री सकाळी साडेसातच्या लोकलने कामास जाऊ लागली म्हणून त्या आल्या. त्या बंद करावयाच्या तर पोळपाटाशी दुसऱ्या कोणास तरी बसावे लागेल, आणि तो दुसरा कोण हे स्पष्ट बोलण्याची आमच्या समाजास अजून लाज वाटते.

घरच्या श्रमास मोल नसते, हा समज किती पोकळ आहे हे पाहावयाचे असेल तर मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास आठवावा. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीने राहत आणि जेवणास महिन्याच्या बोलीवर कामगारवस्तीतील खानावळवाल्या बाईकडे जात. ती बाई तोच वरण-भात, तीच भाकरी, तेच कालवण रांधीत असे, जे तिच्या गावाकडच्या बहिणी आपल्या घरी रांधीत. भेद एवढाच की तिच्या रांधण्यास पैसे पडत. ह्याच बायकांस सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून द्यावे म्हणून प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. त्याच्याही आधी, १९५९ साली, गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला. त्यातून लिज्जतचा एवढा मोठा व्यवसाय उभा राहिला. पापड तोच, पीठ तेच, मनगटही तेच. गच्चीवर विकण्यासाठी लाटला म्हणजे मजुरी, आणि घरात सासऱ्यासाठी लाटला म्हणजे बचत, हे कोणते अर्थशास्त्र?

येथे कोणी म्हणेल की, संसारात असा हिशेब मांडणे हे प्रेमाच्या नात्यास उणेपणा आणणारे आहे. स्त्रिया हे सर्व आवडीने करतात, त्यांस विचारा. ठीक आहे, विचारू या. आवडीने करणाऱ्या पुष्कळ आहेत, आणि हाताला चव असणे हे आम्ही कोणत्याही विद्येहून कमी मानीत नाही. परंतु जे काम सोडून देण्याची मुभा नाही, त्याची आवड आहे की सवय आहे हे ओळखावे कसे? शिवाय नात्यात हिशेब नको असे म्हणणारे हेच गृहस्थ वाण्याच्या बिलातील आठ आण्यांची चूक रात्री दहा वाजता उजेडात धरून शोधतात, हेही आम्ही पाहिले आहे.

जुन्या वस्तूंच्या खरेदीकडे वळताना आम्हांस अधिक जपून लिहावे लागत आहे. कारण "जुने वापरा" हा उपदेश सर्वांच्या कानी एकसारखा पडत नाही. ज्याच्या घरी पाच सदरे आहेत त्याने सहावा जुना घेतला तर तो साधेपणा ठरतो. ज्याच्या बापजाद्यांस जुन्याखेरीज दुसरे नेसूच दिले नाही, त्याने काय करावे? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्र सेवकास उरलेले अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे, आणि चांडाळांच्या वाट्यास तर मृतांची वस्त्रे लावून दिली आहेत. १९२७ सालच्या २५ डिसेंबर रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच परिषदेच्या दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले आणि ज्या नेसण्यावरून व ज्या दागिन्यांवरून जात ओळखू येते ते टाकून देण्यास सांगितले. वस्त्र फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असावे, असाही त्यांचा आग्रह होता. ह्या दोन गोष्टींत विरोध नाही. गरिबीमुळे ठिगळ लावावे लागले तर त्यात कमीपणा नाही. दुसऱ्याने तुमची पायरी दाखविण्यासाठी अंगावर घातलेले वस्त्र मात्र नवे असले तरी अपमानाचेच. तेव्हा आज एखाद्या तरुणाने पहिल्या पगारात नवा कोरा सदरा घेतला, तर आमच्या साध्या राहणीच्या पुरस्कर्त्यांनी त्यास उधळ्या म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आणि मोलकरणीस दिवाळीत विरलेली साडी देऊन "किती चांगली आहे अजून!" म्हणण्याची जी चाल आहे, तीस कोणी काटकसर म्हणू नये, दान तर मुळीच म्हणू नये.

जुन्या वस्तूंचा व्यवहार हा व्यवहारच असावा, असे आमचे मत आहे. दारी येणाऱ्या बोहारणीचेच उदाहरण घ्या. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन ती उन्हातून मजले चढते. दोन साड्या आणि तीन पाटलोणींवर पातेले ठरते. मग घरची बाई झाकणासाठी अडून बसते, बोहारीण "अजून एक सदरा टाका, ताई" म्हणते, आणि अर्धा तास घासाघीस होऊन झाकण पदरात पडते. सुशिक्षित घरांतून ह्या घासाघिशीचे किस्से पुढे रंगवून सांगितले जातात. परंतु त्या पाटलोणी पुढे धुऊन, बटणे लावून, चेन बदलून, इस्त्री करून बाजारात मांडाव्या लागतात, तेव्हा कोठे त्यांस गिऱ्हाईक मिळते. तेथेही कोणाचे तरी डोळे आणि बोटे झिजतात. ज्या घरात गृहिणीच्या श्रमाचा हिशेब नाही, त्या घराच्या दारात बोहारणीच्या श्रमाचा हिशेब कोण करणार?

मग काटकसर करूच नये काय? अवश्य करावी. आम्ही स्वतः ती करतो, आणि ज्या टेबलावर हा लेख लिहिला जात आहे ते पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेले आहे. त्याचा एक पाय आखूड निघाला ही गोष्ट वेगळी. आमचे सांगणे एवढेच की, जमाखर्चाच्या वहीत रुपयांच्या रकान्याशेजारी वेळाचा एक रकाना ओढावा आणि त्यात करणाऱ्याचे नाव लिहावे. महिनाभर हे प्रामाणिकपणे केल्यास कोणती बचत खरी आणि कोणती दुसऱ्याच्या खांद्यावर लोटलेली, हे कोणी न सांगता दिसू लागेल. जी कामे सर्वांनी मिळून होत नसतील ती सोडावीत. चार पदार्थांऐवजी दोन करावेत. सणाच्या फराळात सात जिन्नस असलेच पाहिजेत असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? मुलग्यांस दहाव्या-बाराव्या वर्षी कुकर लावणे, पीठ मळणे, बटण लावणे शिकवावे, आणि ते कौतुकाचे म्हणून नव्हे तर अंघोळीसारखे रोजचे म्हणून शिकवावे. आमच्या त्या परिचित गृहस्थांनी रविवारचा स्वयंपाक आता आपल्याकडे घेतला आहे. पिठल्यात गुठळ्या होतात असे कळते. परंतु घरात तक्रार नाही.

आणि नगरपालिकांसही आमची एक विनंती आहे. रफू करणारे, छत्र्या नीट करणारे, कल्हई लावणारे, जुनी पुस्तके व जुने सामान विकणारे, ह्या लोकांस रस्तारुंदीच्या किंवा शोभेच्या नावाखाली वारंवार उठविण्यात येते. एकीकडे कचरा वाढला म्हणून चिंता करावयाची आणि दुसरीकडे जी माणसे वस्तूंस कचरा होऊ देत नाहीत त्यांची हातगाडी उचलून न्यावयाची, हा कारभार आमच्या समजुतीपलीकडचा आहे. त्यांस प्रत्येक पेठेत बसावयास पक्की जागा, पाणी आणि सावली द्यावी. भाडे घ्यावयाचे असल्यास तेही माफक घ्यावे. आमच्या टेबलाचा आखूड पाय नीट करून देणारा सुतार गेल्या महिन्यापासून त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यावर दिसत नाही, आणि शेजारचा दुकानदार सांगतो की त्याची हत्यारांची पेटी अजून पालिकेच्या गोदामातच आहे.