नवी झडप आणि हृदयाची संदेशवाट

कलकत्त्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या काठी गार्डन रीच हे उपनगर वसले आहे. बंगाल-नागपूर रेल्वेचा कारभार येथूनच चाले. १९५५ साली स्थापन झालेल्या दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालयही येथेच आहे. नागपूरचा एक रेल्वे-विभाग २००३ सालापर्यंत या मुख्यालयाच्या अधिकारात असल्याने विदर्भातील रेल्वे-कुटुंबांना हे नाव परके नाही. रूळ शाबूत असले तरी सिग्नल न मिळाल्यास गाडी पुढे सरकत नाही, हे अशा कुटुंबांतील मुलासही ठाऊक असते. हृदयाची गोष्टही याहून फारशी निराळी नाही.

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून रक्त महारोहिणीत जाते. तिच्या मुखाशी तीन पाकळ्यांची झडप असते. उतारवयात या पाकळ्यांवर चुना साचून त्या ताठर बनतात व वाट अरुंद होते. मग चालताना धाप लागते, छातीत दुखते, भोवळ येते. पूर्वी छाती उघडून झडप बदलणे हाच यावर खात्रीचा उपाय होता. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रूआँ शहरी डॉ. आलँ क्रिबिए यांनी मिटलेली झडप नलिकेवाटे रक्तवाहिनीतून हृदयात नेऊन तेथे उघडून बसविली. आज भारतातील मोठ्या शहरांत हा उपचार होतो, आणि गुजरातेत वापी येथे अशा झडपा तयारही होतात.

परंतु झडपेच्या शेजारीच हृदयाची संदेशवाट आहे. वरच्या उजव्या कप्प्यात उगम पावणारा विद्युत्-संदेश मधल्या एका गाठीत क्षणभर थबकतो आणि तंतूंच्या जुडग्यातून खालच्या कप्प्यांत उतरतो. जुडग्याचे वर्णन विल्हेल्म हिस यांनी १८९३ साली केले. गाठीचे वर्णन जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तावारा यांनी १९०६ साली प्रसिद्ध केले. हा जुडगा महारोहिणीच्या झडपेला खालून अगदी लगटून जातो व पुढे डाव्या आणि उजव्या शाखांत विभागतो. शस्त्रक्रियेत जुनी झडप कापून काढतात. नलिकेच्या उपचारात ती जागीच राहते आणि नव्या झडपेची धातूची चौकट तिला चुन्यासकट बाजूस दाबते. हा दाब तंतूंवर पडला तर सूज येते, कधी कायमची इजा होते. बहुधा डावी शाखा बंद पडते. क्वचित् सारी वाटच तुटते. मग खालचे कप्पे स्वतःच्या मंद गतीने चालतात किंवा काही क्षण थांबतात. रोगी कोसळतो, प्राणही जाऊ शकतो.

हा धोका किती, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांवरून कळते. फुग्याने उघडणारी झडप बसविलेल्यांपैकी ६.५ टक्के आणि आपोआप उमलणारी झडप बसविलेल्यांपैकी १७.४ टक्के रुग्णांना ३० दिवसांत कायमचा पेसमेकर लावावा लागला. त्याच चाचण्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४ व ६.१ टक्के होते. झडप किंचित वर बसविण्याची काळजी घेतल्यास हा धोका घटतो.

या आकड्यांवरून उपचारास नावे ठेवणे अन्यायाचे होईल. छाती उघडणे ज्यांस झेपणार नाही अशा असंख्य वृद्धांस त्याने जीवदान दिले आहे. आक्षेप घ्यावयाचा तो यशाच्या मोजमापावर. रोगी किती लवकर घरी गेला, याचा गौरव होऊ लागला आहे. पण संदेशवाट काही वेळा दोन दिवस उलटल्यावर, रोगी घरी पोहोचल्यानंतर तुटते. म्हणून झडप बसविण्याइतकेच नंतरचे लक्ष ठेवणे हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

मग सर्वांनाच आधी पेसमेकर का लावू नये, असे कोणी विचारील. तसे करणे शहाणपणाचे नाही. त्याच्या तारेतून जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि उजवा खालचा कप्पा सतत कृत्रिम रीतीने चालविल्यास काहींचे हृदय दुर्बल होते. सर्वांना दीर्घकाळ रुग्णालयात अडकवून ठेवणेही वृद्धांस हितकर नाही. योग्य मार्ग निवडीचा आहे. ज्यांच्या ईसीजीत उजव्या शाखेचा दोष आधीपासून दिसतो त्यांना धोका सर्वांत अधिक. त्यांच्यावर अधिक काळ पहारा हवा. ज्यांची डावी शाखा नव्याने बंद पडली त्यांना ठोक्यांची नोंद ठेवणारे लहान यंत्र काही आठवडे अंगावर द्यावे. इतरांचा ईसीजी ठराविक दिवसांनी घराजवळच्या दवाखान्यात काढला जावा. भोवळ येताच थांबू नये, तात्काळ रुग्णालय गाठावे, ही सूचना रोग्याच्या घरच्यांस त्यांच्या भाषेत लिहून द्यावी.

यास लागणारा खर्च झडपेच्या किंमतीपुढे अल्प आहे. गार्डन रीचच्या गोदीतून वा रेल्वेतून निवृत्त झालेल्या वृद्धास झडप मोठ्या रुग्णालयात मिळेल. पण तिचा लाभ टिकावयाचा असेल तर त्याच्या गल्लीपासून जवळ ईसीजीचे यंत्र आणि ते वाचणारा जाणकार असलाच पाहिजे.