परसबाग : निळें फळ व काळी मैना

शीत देशांतील एक झुडूप सध्यां आपल्याकडील तरुण मंडळींच्या मनांत भरलें आहे. त्याचें शास्त्रीय नांव लोनिसेरा सेरुलिया. सोळाव्या शतकांतील लोनित्सर नामक जर्मन वनस्पतिज्ञाच्या स्मरणार्थ या कुळास तें नांव मिळालें. जपानच्या होक्काइडो बेटावर या झुडपास हॅस्कॅप म्हणतात, रशियांत झिमोलोस्त, आणि इंग्रजींत हनीबेरी. झुडूप पुरुषभर उंचीचें. फळें लांबट, जांभळट-निळीं, वर पांढुरकी झांक असलेलीं व चवीस आंबटगोड. फुलें जोडीनें येतात आणि त्या जोडीपासून एकच फळ होतें, ही त्याची मौज. हें चित्र भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहून आमच्या धाकट्या सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, हें आपल्या परसांत येईल का? रोपें घरपोंच मिळतात म्हणे." प्रश्न एका घरापुरता नाहीं, म्हणून त्याचें उत्तर येथें सविस्तर देतों.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. या कुळांतील वेलींना इंग्रजींत हनीसकल म्हणतात, आणि आपल्याकडे कित्येकजण त्याचें भाषांतर 'मधुमालती' असें करून मोकळे होतात. परंतु आपल्या दारावर चढविलेली, संध्याकाळीं पांढरी उमलून पुढें गुलाबी व शेवटीं लाल होणारी मधुमालती ही अगदीं निराळ्या गोत्राची आहे. तिचे सोयरे म्हणजे अर्जुन, हिरडा व बेहडा. तिच्यावर निळीं फळें येतील म्हणून वाट पाहणाऱ्याचा जन्म वाट पाहण्यांतच जाईल. खऱ्या हनीसकलच्या ज्या वेली शोभेसाठीं लावतात, त्यांची फळेंही खाण्याचीं नव्हेत. त्या कुळांतील पुष्कळ जातींचीं फळें कडू व अपायकारक असतात. खाण्यास योग्य म्हणून ज्याची लागवड होते, तें मुख्यतः हें एक निळें झुडूप.

आतां तें आपल्याकडे कां होणार नाहीं, तें पाहूं. हें झुडूप उणे चाळीस अंशांची थंडी सोसतें. त्याचीं उमललेलीं फुलें उणे सात अंशांतही जळत नाहींत. कॅनडांतील सॅस्कॅचेवान विद्यापीठानें २००७ सालीं त्याच्या 'टंड्रा' व 'बोरियालिस' या जाती प्रसिद्ध केल्या, त्या नांवांवरूनच त्यांचें माहेर कोणत्या दिशेस आहे, हें ध्यानीं येतें. हिंवाळ्यांत अशा झाडांस एक दीर्घ निद्रा घ्यावी लागते. शेंकडों तास कडक थंडी मिळाली, तरच त्यांचे डोळे वसंतांत नीट फुटतात. आमची कुरुळी पुणें-नाशिक रस्त्यावर, चाकणच्या अलीकडे. येथें मार्गशीर्ष-पौषांत पहांटे थंडी बोंचते खरी, परंतु सूर्य कासराभर वर आला कीं अंगावरची शाल नकोशी होते. आणि वैशाखांत तर पारा चाळीसाच्या घरांत जातो. ज्याची झोंपच पुरी झाली नाहीं त्या झाडानें फुलावें कसें? शिवाय एकट्या रोपास फळ धरत नाहीं. जवळ दुसऱ्या जातीचें, त्याच सुमारास फुलणारें रोप लागतें. म्हणजे पैसे दुप्पट व निराशाही दुप्पट. जाहिरातींत 'सर्व हवामानांत येणारें' असें छापलेलें असतें. छापणाऱ्यास आपल्या परसांत येऊन बसावयाचें नसतें.

परंतु लहान झुडूप, फार देखभाल नको, मुलांनीं हातानें तोडून खावें असें काळसर आंबटगोड फळ, इतकीच अपेक्षा असेल तर तसें झुडूप परदेशांतून आणण्याचें कारण काय? आपल्या खेड तालुक्याच्या पश्चिमेस, भीमाशंकराकडील डोंगरांत, करवंदीच्या जाळ्या आहेतच. वैशाखांत घाटांच्या वळणांवर ठाकर व महादेव कोळी समाजांतील बाया पानांच्या द्रोणांत 'डोंगरची काळी मैना' घेऊन बसतात, तेव्हां आपण मोटार थांबवून ती विकत घेतों. पण ती आपल्या परसांत लावावी, हें फार थोड्यांस सुचतें.

संस्कृतांत करवंदीस करमर्द किंवा करमर्दक म्हणतात. अमरकोशांत त्याचीं कृष्णपाकफल, आविग्न व सुषेण अशीं नांवें दिलीं आहेत. त्यांपैकीं पहिलें किती नेमकें आहे, पाहा: पिकलें म्हणजे काळें होतें, तें फळ. भावप्रकाशांत थोरलें तें करमर्द व लहान ती करमर्दिका असा भेद केला आहे. आधुनिक वनस्पतिशास्त्रही दोन जाती मानतें. एक बागांतून लावली जाणारी, मोठ्या फळाची. ती पांढरट-गुलाबी, लाल असे रंग घेत पिकते. दुसरी आपली सह्याद्रीवरची, लहान व काळ्या फळाची. कच्चें फळ पित्त वाढवितें व पिकलेलें तेंच पित्त शमवितें, असें भावप्रकाशकार सांगतात. कैऱ्यांप्रमाणें कच्च्या करवंदांवर ताव मारणाऱ्या मुलांच्या आयांनीं तेवढें ध्यानांत ठेवावें.

चाकणच्या औद्योगिक वसाहतीचा विस्तार होऊं लागल्यापासून आमच्या भागांतील निवडुंग, घायपात व करवंदी यांचीं कुंपणें मागें पडलीं आणि त्यांच्या जागीं भिंती व कांटेरी तारा आल्या. याबद्दल नुसतें हळहळून चालणार नाहीं, कारण भिंत बांधणाराही वेडा नसतो. करवंदीचें जुनें कुंपण तीन-चार फूट रुंदी खातें. गुंठ्यागणिक भाव बोलला जातो अशा गांवीं, आणि तेंही भावाभावांत हद्द आंखावयाची असतां, तेवढी जमीन झाडास कोण देईल? हद्दीवर भिंत असूं द्यावी, असेंच आमचें मत आहे. पण भिंतीच्या आंत, विहिरीच्या किंवा गोठ्याच्या मागील अंगास, जेथें एरवीं मोडकीं खापरें पडलेलीं असतात, तेथें पांच-सात करवंदी लावण्यास कोणाची हरकत नसावी. कुंपणानें शेत खाल्ल्याचें आपण ऐकतों. हें कुंपण खाऊ घालणारें आहे. वीस माणसांच्या घरांत मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत दुपारीं कोठें तरी रमवावें लागतें, तें कामही जाळी करते. करवंद फोडून आंत लाल निघालें तर कोंबडा, पांढुरकें निघालें तर कोंबडी, हा खेळ ज्या मुलांस ठाऊक नाहीं, त्यांचें बालपण कांहींसें अळणीच म्हणावयाचें.

लागवड सोपी आहे, परंतु पहिली अट अशी कीं, बीं ताजें पाहिजे. वैशाख-ज्येष्ठांत पूर्ण पिकलेलीं फळें घेऊन गर काढावा, बिया स्वच्छ धुवून सावलींत निथळत ठेवाव्या आणि त्याच आठवड्यांत पेराव्या. डब्यांत भरून पुढील वर्षासाठीं ठेवलेल्या बियांवर भरंवसा ठेवूं नये. त्यांची उगवणशक्ति लवकर जाते. रोप पहिल्या वर्षीं अगदीं मंदगतीनें वाढतें, म्हणून तें पिशवींत किंवा कुंडींत जपून दुसऱ्या पावसाळ्याच्या आरंभीं जागेवर लावावें. दाट कुंपण हवें असल्यास दोन-अडीच फुटांवर, आणि फळांसाठीं सुटीं झुडपें हवीं असल्यास सहा-सात फुटांवर. खड्डा दीड फूट पुरे. जमीन मुरमाड असली तरी बिघडत नाहीं. उलट जेथें पाणी तुंबतें अशी काळी जमीन असेल तर मुरूम मिसळून वरंबा करावा, नाहींतर मुळें कुजतात. पहिले दोन उन्हाळे आठवड्यास एकदां पाणी द्यावें, पुढें करवंदी आपलें आपण पाहते. बियांच्या रोपांस सामान्यतः तिसऱ्या वर्षापासून फळें दिसूं लागतात.

बियांचीं रोपें आईसारखींच निघतील असें नाहीं. मोठें व खात्रीचें फळ हवें असेल तर गुटी बांधून तयार केलेलें कलम घ्यावें. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही जात आपल्याकडे अधिक जवळची. उत्तरेंत पंतनगरच्या विद्यापीठानें 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन' व 'पंत सुवर्णा' अशा जाती काढल्या आहेत. डोंगरांतून रोप उपटून आणण्याचा मोह मात्र टाळावा. तें बहुधा जगत नाहीं, आणि भीमाशंकराच्या अभयारण्यांतून तर तसें करणें कायद्यानें निषिद्ध आहे. बाजारांत विकत घेतलेल्या दोन द्रोणांतील बिया संबंध कुंपणास पुरतात.

छाटणीविषयीं एवढेंच कीं, ती फळें संपल्यावर, पावसाच्या तोंडीं करावी. फुलें फांद्यांच्या शेंड्यांकडे येतात, त्यामुळें दिवाळीनंतर शोभेसाठीं कात्री चालविणाराच्या नशिबीं हिरवी भिंत येते, करवंदें येत नाहींत. कांटे बळकट असतात. म्हणून तुळशीवृंदावनाजवळ किंवा पोरांच्या धांवण्याच्या वाटेवर जाळी नको.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख विशेष लक्षपूर्वक वाचावा, तीकडे वळतों. करवंदी ज्या कुळांतील आहे, त्याच कुळांत कण्हेर व पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, येतात. पूजेस फुलें मिळावीं म्हणून बिट्टी कित्येक घरांच्या कुंपणांत असते. तिचें फळ आधीं हिरवें व पिकल्यावर काळें पडतें, आणि तें अत्यंत विषारी आहे. त्यांतील विष थेट हृदयाच्या गतीवर आघात करतें. ज्या मुलास आपण 'कुंपणावरचें काळें फळ खावें' असें शिकविलें, त्यास दुसरें काळें फळ कोणतें, हें न शिकविणें म्हणजे अर्धें शिकवणें, आणि तें येथें प्राणघातक ठरेल. चीक दोन्हींस असतो, म्हणून चिकावरून ओळख पटत नाहीं. ओळख कांट्यावरून करावी: बिट्टीस व कण्हेरीस कांटा नाहीं, करवंदीस जोडीनें कांटे असतात. कांटा नसेल तर तें करवंद नव्हे. मात्र कांटा आहे म्हणून करवंदच, असेंही नाहीं. घाणेरीसही कांटे असतात. बिट्टीचीं पानें लांब व चिंचोळीं, फूल पिवळें, घंटेसारखें, फळ कोनदार व आंत एकच टणक बाठा. करवंदीचें पान रुंद व जाड, फूल पांढरें, जाईसारखें, फळ गोल व आंत चपट्या अनेक बिया. घरांत लहान मुलें असतील तर करवंदी लावण्यापूर्वीं बिट्टी काढून टाकावी, देवास दुसरीं फुलें वाहावीं. एखाद्या मुलानें तें फळ खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करीत, मीठपाणी पाजून ओकारी काढीत बसूं नये. उरलेलें फळ बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गांठावें.

राहिलें स्वयंपाकघर. चैत्रांतील हिरवीं करवंदें लोणच्यास घ्यावीं. फोडून, बिया काढून मिठाच्या पाण्यांत कांहीं वेळ ठेविलीं म्हणजे चीक निघून जातो. चिरण्यापूर्वीं हातांस तेल लावावें. जेलीसाठीं अर्धवट पिकलेलीं फळें उत्तम, कारण गोठविणारें द्रव्य त्यांत अधिक असतें: पाण्यांत शिजवून, फडक्यांतून न पिळतां गाळून, त्या रसांत जवळजवळ तितकीच साखर घालून आटवावें. भांडें पोलादी घ्यावें. कल्हई गेलेलें पितळेचें नको. मोठ्या जातीच्या करवंदांचा मुरंबाही होतो. मुलांच्या वाढदिवसाच्या केकवर जी लालभडक 'चेरी' बसविलेली दिसते, ती पुष्कळदां बीं काढून, पाकांत मुरवून, रंग दिलेलें करवंदच असतें. घरीं करतांना रंग वगळावा; पाकांतलें करवंद फिकट गुलाबी दिसतें, आणि मुलें तेंही तितक्याच भांडणानें खातात.