टँकर सीमा ओलांडतो, मग चौकशी का अडते?

आमच्या पांडेसऱ्यात 'क्लोजर' हा इंग्रजी शब्द शाळा न शिकलेल्या माणसालाही कळतो. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने, म्हणजे जीपीसीबीने, एखाद्या डाईंग मिलला क्लोजर दिली की वीज तुटते, बॉयलर थंड होतो आणि ठेकेदार सांगतो, "उद्यापासून येऊ नको." धुळे, नंदुरबार, जळगावहून आलेल्या आपल्या माणसाची हजेरी त्याच दिवशी बंद. पुढे मालक दंड भरतो, हमी लिहून देतो, मिल पुन्हा सुरू होते. बुडालेली हजेरी मात्र कोणी भरून देत नाही. चूक मिलची आणि शिक्षेचा पहिला हप्ता कामगाराचा, हे कुठलं शासन?

गैरसमज नको. मिल बंदच करू नका, असं मी म्हणत नाही. खाडी आपल्याच वस्तीजवळून वाहते, विष आधी आपल्याच नाकात जातं. माझं भांडण चौकशीच्या पद्धतीशी आहे.

१९७४ च्या जल कायद्यातलं कलम ३३अ बघा. मंडळ कारखाना बंद करू शकतं, वीज-पाणी तोडू शकतं. तातडीची वेळ सोडली तर आधी हरकत घ्यायची संधी मिळते, पण ती मालकाला. कामगार आणि शेजारची वस्ती या फाईलमध्ये कुठेच नाहीत. टँकर रात्री किती वाजता रिकामा होतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कोणी विचारतच नाही.

नाही विचारलं तर काय होतं? ६ जानेवारी २०२२ ची पहाट आठवा. आपल्या शेजारच्या सचिन जीआयडीसीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडलं गेलं. विषारी वायूने सहा कामगार मेले, वीसहून जास्त दवाखान्यात गेले. पोलीस तपासाचा माग थेट महाराष्ट्रात, तळोजा एमआयडीसीत पोचला. फेब्रुवारीत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने हायकल कंपनीच्या तळोजा युनिटला बंदचा आदेश दिला. कंपनीने आरोप नाकारले. दोषी कोण, ते कोर्ट ठरवेल. पण नियंत्रकांना प्रश्न आजच विचारता येतो. तळोज्याहून सुरतला येताना तलासरी-भिलाडला राज्याची हद्द लागते. टँकर ती आरामात ओलांडतो. दोन राज्यांची दोन मंडळं मात्र माणसं मेल्यावर जागी होतात. सीमाभागातल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. हद्द आली की जबाबदारी संपते आणि त्रास आपल्याकडे राहतो.

"स्टाफ कमी आहे, तपासण्या वाढवा," असं काही जण म्हणतील. नुसत्या तपासण्या वाढवून भागत नाही. २००९ ते २०११ मध्ये एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी जीपीसीबीसोबतच अहमदाबाद आणि सुरत भागातल्या कारखान्यांवर प्रयोग केला. जुन्या पद्धतीत कारखानाच ऑडिटर निवडायचा आणि त्याचे पैसेही द्यायचा. मग आकडे बरोबर मर्यादेच्या जरा खाली यायचे! प्रयोगात ऑडिटर चिठ्ठ्या टाकून नेमले, पैसे सामाईक निधीतून दिले, काही नमुने पुन्हा तपासले. अहवाल खरे यायला लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. ज्याचं मीठ खायचं त्याचीच तपासणी करायची, हा धंदा मोडता येतो. याच शहराने ते दाखवून दिलंय.

तरी वारं उलटं वाहतंय. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने हवा आणि पर्यावरण कायद्यांतल्या बऱ्याच गुन्ह्यांची जेल काढून दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आणला. मोठ्या मिलला पंधरा लाख म्हणजे धंद्याचा खर्च. कामगाराला महिन्याची हजेरी बुडणं म्हणजे गावाकडे उधारी.

म्हणून माझ्या तीन मागण्या. एक, क्लोजरच्या काळातली कामगारांची मजुरी मालकाकडून वसूल करा, ठेकेदाराकडची माणसंही धरून. दोन, चौकशीत कामगार आणि वस्तीचं म्हणणं नोंदवा, तेही त्यांच्या भाषेत. पांडेसऱ्यात मराठी, ओडिया, भोजपुरी बोलणारी माणसं राबतात आणि नोटीस निघते गुजराती-इंग्रजीत. तीन, घातक रसायनाचा टँकर हद्द ओलांडतो तेव्हा दोन्ही मंडळांना त्याच वेळी कळलं पाहिजे.

तोवर आपण गप्प बसायचं का? नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशानंतर घातक कचरा काढणाऱ्या कारखान्याने गेटबाहेर बोर्डावर आकडे लावणं सक्तीचं आहे. बोर्ड कोरा दिसला तर फोटो काढा, तारीख लिहा. माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कलम ६ नुसार तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या अधिकृत भाषेत चालतो. म्हणजे सुरतेत मराठी अर्जाचा हक्क नाही, पण हिंदीत टाकता येतो. गेल्या तपासणीचा अहवाल मागा, बंदचा आदेश मागा, आदेश मागे घेतल्याचं कारण मागा. मराठीत अर्ज घ्या, ही लढाई चालू ठेवूच. पण अर्ज आज हिंदीत जाऊ दे, भावांनो. खाडी आपल्यासाठी थांबत नाही.